भूशास्त्र विभागासाठी सरकारी निधी: मोठे यंत्र मागावे की माणूस?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात भूशास्त्र शिकवते. संस्थेचे नाव इथे देत नाही. केंद्राच्या एका योजनेखाली आमच्या विभागाला सुविधांसाठी प्रस्ताव पाठवायचा आहे आणि त्यावरून विभागात दोन तट पडलेत.

एक बाजू म्हणते, अशी संधी पुन्हा येत नाही, आयसीपी-एमएस मागा. खडकातली मूलद्रव्ये अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजणारे यंत्र. ते आले की शोधनिबंध वाढतील, विद्यार्थी येतील, विभागाचे नाव होईल.

दुसऱ्या बाजूला मी आणि माझे एक सहकारी. आमच्याकडे आज खडकाचा पातळ काप, म्हणजे थिन सेक्शन, करणारा माणूस नाही. जुने लॅब असिस्टंट निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. रॉक कटर आहे, पण पाते झिजलेले. एमएस्सीची मुले पेटीतले जुने काप बघून पेट्रोलॉजी, म्हणजे खडकांचे शास्त्र, शिकतात. पावागडावरून स्वतः फोडून आणलेल्या दगडात काय आहे ते त्यांना मायक्रोस्कोपखाली बघायला मिळत नाही. मला हे फार लागते. दगड स्वतः आणला, स्वतः कापला आणि स्वतः पाहिला की विषय अंगात भिनतो. ते नाही झाले तर नुसती नावे पाठ होतात.

तर प्रश्न असा: सरकारने भूविज्ञानाला हात द्यायचा तर पैसा आधी कुठे जावा? यंत्रात, माणसात, प्रशिक्षणात की फील्डवर्कमध्ये? ज्यांनी अशा प्रयोगशाळा चालवल्या आहेत किंवा बाहेरून वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. महिनाअखेरीला मसुदा द्यायचा आहे.

हातोडी_होकायंत्र

रेवाकाठताई, मी मूळचा रावपुऱ्याचा, नोकरी सगळी जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण), आता निवृत्त होऊन नागपूरला.

माझे मत स्पष्ट आहे, मोठे यंत्र मागू नका. आयसीपी-एमएस म्हणजे नुसते टेबलावर ठेवलेले यंत्र नव्हे. त्याला सतत आर्गॉन लागतो, एसी चोवीस तास लागतो, दगड विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. त्या आम्लासाठी वेगळा फ्यूम हूड, वेगळी भांडी आणि ते हाताळायला शिकलेला माणूस. काचेच्या भांड्यात ते ठेवताच येत नाही, काच खाते. ज्या विभागाला कटरचे पाते बदलता येत नाही तिथे हे सगळे कोण करणार?

१८५१ साली जीएसआय कोळसा शोधण्यासाठी निघाली. तेव्हापासून आजपर्यंत तिचे खरे भांडवल चालणारी माणसे आहेत. आम्ही भरती झालो तेव्हा आधी प्रशिक्षण. हैदराबादची प्रशिक्षण संस्था १९७६ पासून आहे आणि तिची फील्ड केंद्रे राजस्थानात जावर, कर्नाटकात चित्रदुर्ग अशी निरनिराळ्या खडकांच्या मुलखात. टोपोशीट (भूभागाचा नकाशा), ब्रंटन होकायंत्र, हातोडी, लेन्स घेऊन दिवसभर चालायचे आणि रात्री तंबूत नकाशावर शाई करायची. आज जीएसआयमध्ये उत्तम यंत्रे आहेत, पण ती थोड्या ठिकाणी आहेत आणि सगळे ती वाटून वापरतात. विद्यापीठांनीही हेच करावे. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पैशातून भूकालमापनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली ती याचसाठी. झिरकॉनचे वय काढायचे तर तिथे जा.

माहीकाठ

हातोडीसर, तुमच्याबद्दल आदर आहे पण असहमत.

तुम्ही सांगता ते पगारी खात्यातल्या माणसाला जमते. पीएचडीच्या मुलाला घड्याळ लावलेले असते. माझे काम माही नदीच्या काठच्या उंच दरडींवर. तिथल्या वाळू-गाळाच्या थरांत गेल्या लाखभर वर्षांतल्या हवामानाची नोंद आहे. थराचे वय काढायला ल्युमिनेसन्स डेटिंग करतात. क्वार्ट्झच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते त्यातून कळते. म्हणून नमुना घेताना उजेड लागता कामा नये. लोखंडी पाइप दरडीत ठोकायचा, दोन्ही तोंडे काळ्या कापडाने आणि टेपने बंद करायची. दुपारच्या उन्हात, खाली भेगाळलेली कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, वर आपण दोरीला. इतके करून आणलेले पाइप एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या रांगेत पडून राहतात. तिथल्या लोकांना दोष देत नाही, त्यांच्याकडे देशभरातून नमुने येतात. पण फेलोशिप संपत येते आणि पाइप तसेच असतात.

दुसरे म्हणजे नमुना पाठवून आकडा मागवणारा विद्यार्थी आकड्यावर शंका घ्यायला शिकत नाही. आकडा कसा निघाला हे त्याने पाहिलेलेच नसते. विभागात यंत्र असले की ते बंद पडते, कॅलिब्रेशन हलते, ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) चुकतो, आणि त्यातूनच माणूस तयार होतो. म्हणून माझे मत यंत्र मागा असेच. आयसीपी-एमएस नको असेल तर दुसरे मागा, पण हाताखाली यंत्र हवे.

दांडियाबाजार

वाचतोय. मी व्यापारी माणूस, यातले कळत नाही म्हणून सरळ विचारतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या गोदामात आले, माल गेला. लोक गच्चीवर बसून होते, रस्त्यात मगरी. आता तुम्ही म्हणता सरकारने दगडाचे काप करायला पैसे द्यावेत. पूर अडवायला द्यावेत की नाही? कर आम्हीही भरतो.

पर्जन्यवेध

दांडियाबाजार, प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर रेवाकाठताई देतीलच. मी पुण्यात हवामानाच्या कामात आहे, म्हणून पैसा येतो कुठून तेवढे सांगतो. वर बरीच सरमिसळ दिसते.

पृथ्वी विज्ञान मंत्रालय २००६ मध्ये झाले. हवामान खाते, पुण्याची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामान संस्था), हैदराबादची इन्कॉइस (महासागर माहिती केंद्र), गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र हे सगळे त्याच्याकडे. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने 'पृथ्वी' ही एकत्र योजना मंजूर केली. २०२१ ते २०२६ साठी ४,७९७ कोटी रुपये आणि पोटात पाच उपयोजना: हवामान, महासागर, ध्रुव प्रदेश, भूकंप व भूविज्ञान, आणि पाचवी 'रीचआउट'. संशोधन, शिक्षण, प्रशिक्षण आणि जनसंपर्क यांसाठी. विद्यापीठाच्या विभागाला उपयोगी पडणारी ही पाचवी.

पण जीएसआय या मंत्रालयाकडे नाही, ती खाण मंत्रालयाकडे. भूजल मंडळ जलशक्तीकडे. अणुखनिजे अणुऊर्जा विभागाकडे. विभागांना उपकरणे देणारी फिस्ट योजना विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, २००० सालापासूनची. प्रकल्पांचे पैसे पूर्वी एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) देई, २०२३ च्या कायद्याने तिची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली. एकच दगड, आणि त्याच्यासाठी इतकी दारे. प्रस्ताव लिहिताना ज्या दाराशी उभे आहात त्यांचे काम आधी समजून घ्या.

प्रशिक्षणाचे म्हणाल तर आयआयटीएममध्ये हवामान आणि महासागर विज्ञानासाठी वेगळे प्रशिक्षण केंद्र आहे, हैदराबादला इन्कॉइसकडे महासागरशास्त्राचे आहे. घन पृथ्वीच्या मुलांसाठी, म्हणजे खडक-भूकंपवाल्यांसाठी, त्या तोडीचे आणि सगळ्या विद्यापीठांना खुले असे काही असायला हवे असे मला मनापासून वाटते.

लॅबवाले_काका

पहिल्यांदाच लिहितो आहे, मुलीने टाइप करून दिले आहे.

मी सारी नोकरी भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट म्हणून केली. काप करणे हेच माझे काम. मॅडमनी विषय काढला म्हणून सांगतो, कारण हे काम कसे होते हे प्रस्ताव वाचणाऱ्या साहेबांनाही बऱ्याचदा ठाऊक नसते.

दगडाची चिप हिऱ्याच्या पात्यावर कापायची, पाणी सोडत. मग एक बाजू कार्बोरंडमच्या पावडरीवर घासायची, आधी जाड पावडर, मग बारीक, शेवटी काचेवर अगदी मऊ. एक पावडर संपली की हात, दगड, काच सगळे धुवायचे. जाड पावडरीचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. मग ती बाजू काचपट्टीला चिकटवायची. पूर्वी कॅनडा बाल्सम तापवून लावत असू, नंतर अराल्डाइट आले. आत बुडबुडा राहता कामा नये. सुकले की वरचा दगड कापून टाकायचा आणि उरलेला घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायचा. शेवटचे घासणे हातानेच. दर थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बघायचे. क्वार्ट्झ पिवळा दिसला तर अजून जाड आहे, राखाडी झाला की थांबायचे. आणखी चार हात मारले की काप पाण्याबरोबर वाहून जातो. पावागडच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ मिळत नाही, तिथे प्लॅजिओक्लेज या खनिजावर नजर ठेवायची. माहीकाठ साहेबांच्या भुसभुशीत गाळाला आधी रेझिन पाजून घट्ट करावे लागते.

हे शिकायला मला दोन गुरू लाभले. मी निवृत्त झालो तेव्हा मागे शिकायला कोणी ठेवलेच नव्हते. मला वाईट याचे वाटते. पैशाचे नाही म्हणत. पद भरले असते तर वर्षभर बरोबर बसवून शिकवले असते.

कमाटीबागेतला_बाक

०.०३ मिलिमीटर! काका, साष्टांग नमस्कार. आमची आजी उडदाचा पापड इतका पातळ लाटायची की पलीकडचे वर्तमानपत्र वाचता यायचे, पण तुम्ही तिच्याही पुढे गेलात. 😄

कणकण

काकांचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. +१००

रेवाकाठ

काका, तुम्ही लिहिलेत, फार आनंद झाला. तुमचा प्रतिसाद छापून विभागात लावणार आहे, परवानगी असू द्या.

दांडियाबाजार, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे. विश्वामित्री पावागडावर उगवते, आणि आपल्या सपाट शहरातून वळणे घेत जाते. पात्राच्या दोन्ही बाजूंना जी कोतरे होती ती पुराचे पाणी धरून ठेवत. ती भरून त्यावर बांधकामे झाली की पाणी रस्त्यावर येणारच. कोतरे कुठे होती, गाळाचा थर कुठे किती जाड आहे, पाणी जमिनीत कुठे मुरते आणि कुठे चिकणमातीवर तुंबते, हे सांगणारा नकाशा भूशास्त्राचाच माणूस काढतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही. शिकलेली मुले, जीपीएस, लेव्हल, हाताने फिरवायचा ऑगर आणि गाळ चाळायच्या चाळण्या लागतात. आमच्या एमएस्सीच्या एका तुकडीला पूर्ण हंगाम फील्डचा भत्ता मिळाला तर त्या मुलांना नदीच्या छेदांची मापे घेता येतील. मी ज्या खर्चासाठी भांडते आहे तो हाच.

भूकंपाचेही तसेच. २३ मार्च १९७० ला भरूच हादरले, ते इथून किती लांब आहे? नर्मदेच्या खोऱ्यातून भेगांचा जो पट्टा जातो त्याच पट्ट्यात पूर्वेकडे १९९७ साली जबलपूरला ५.८ चा धक्का बसला. आपण गाळावर बसलो आहोत, आणि मऊ गाळात धक्का वाढतो.

दांडियाबाजार

हे पटले. गोदामामागच्या कोतरात आम्ही लहानपणी खेळायचो, आता तिथे सोसायटी आहे. फील्ड भत्त्याला माझा पाठिंबा. यंत्राचे तुम्ही ठरवा.

सराफ्याची_रात्र

इंदूरहून रामराम. राष्ट्रीय सुविधांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचे सांगू द्या. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र एक्स-रे देणारे यंत्र, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे. त्याच्या बीमलाइनवर एक्स-रे डिफ्रॅक्शन, एक्स-रे फ्लुरोसन्स सगळे होते आणि विद्यापीठातल्या लोकांना प्रस्ताव देऊन वेळ मिळतो. भूशास्त्रवाले त्या मानाने कमी येतात असे तिथल्या मित्राकडून ऐकतो. बडोद्याहून रात्री निघालात तर सकाळी इथे. पोहे-जिलबीची जबाबदारी माझी.

कमाटीबागेतला_बाक

पोहे-जिलबी मान्य, पण तिखट-लाल शेव उसळीपुढे काही नाही. वर लिंबू, वर पाव. सिंक्रोट्रॉन तुमचा, नाश्ता आमचा.

सराफ्याची_रात्र

शेव उसळीत शेव कोणती घालता ते आधी सांगा. रतलामी असेल तर अर्धे श्रेय माळव्याचे. 😀

अलकापुरी

नाश्त्यावर वेगळा धागा काढा मंडळी, मीही येईन. 🙂

मी एका शैक्षणिक संस्थेत लेखाविभाग पाहिला आहे. पैशाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, प्रस्तावाला उपयोगी पडतील.

यंत्राची किंमत वाचताना फक्त कोटेशनचा आकडा धरू नका. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पूर्वी ५ टक्के जीएसटीची सवलत होती, जुलै २०२२ मध्ये ती गेली. आता बहुतेक उपकरणांवर पूर्ण दर लागतो. जुना प्रस्ताव समोर ठेवून आकडे उतरवले तर तिथेच तूट येते. वॉरंटी संपली की एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. अनुदान नॉन-रिकरिंग (एकदाच मिळणारे) असते, एएमसी रिकरिंग (दरवर्षीची). पहिले दिल्ली देते, दुसरे कोण देणार यावर सहीच नसते. मी अशी यंत्रे पाहिली आहेत ज्यांच्यावर कापड टाकलेले असते आणि त्यावर धूळ. यंत्र बिघडलेले नसते, एएमसी भरलेली नसते इतकेच. म्हणून पाच वर्षांची वॉरंटी खरेदीच्या किमतीतच मागा.

खरेदीचे जाचक नियम मात्र थोडे सैल झालेत. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी बिनकोटेशन खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून उपकरण घ्यायचे अधिकार संचालक-कुलगुरूंना दिले. हिऱ्याचे पाते, कार्बोरंडम, अराल्डाइट असल्या वस्तूंसाठी पूर्वी जेवढी पायपीट होई तेवढी आता होऊ नये. हे नियम तुमच्या संस्थेला लागू आहेत का ते रजिस्ट्रार कार्यालयातून लेखी घ्या. राज्य विद्यापीठांचे नियम वेगळे असतात.

मार्चअखेरीला यूसी, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. प्राध्यापकांना हे काम क्षुल्लक वाटते, पण विद्यार्थ्याचा पगार त्याच्यावर लटकलेला असतो.

नर्मदेहर

अलकापुरी सर, शेवटच्या ओळीसाठी हात जोडतो.

मी पीएचडीचा विद्यार्थी. धाग्यात यंत्रावर भरपूर बोलणे झाले, माणसावर थोडे. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन फेलोशिप) मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये. ज्याला ती मिळाली नाही त्याला गुजरात सरकारची 'शोध' योजना, महिना १५,००० रुपये, दोन वर्षे. योजना चांगली आहे, तिच्यामुळेच आमच्यातले कितीतरी टिकले, आणि राज्य सरकारचे त्याबद्दल मनापासून आभार. पण पीएचडी दोन वर्षांत होत नाही. भूशास्त्रात तर पावसाळा सोडून फील्ड, उन्हाळ्यात कच्छमध्ये उभे राहवत नाही, म्हणजे हाती उरतो हिवाळा.

आणि फील्डला लागते जीप. खोलीतला गणिती वही-पेन घेऊन बसतो, माझे वही-पेन रण ओलांडून पलीकडे आहे. जीप, डिझेल, राहणे, सॅम्पलच्या गोण्यांचे पार्सल. कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेत, हे बसत नाही. माझ्या बरोबरीची एक मुलगी फार हुशार होती. तिने फील्डचा विषय सोडून उपग्रह चित्रांवरचा घेतला. विषय वाईट नाही, पण तिने तो पैशामुळे घेतला. रेवाकाठ मॅडम, प्रस्तावात फील्डसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवा, आणि मुलींच्या राहण्याची सोय त्यात नाव घेऊन लिहा.

हातोडी_होकायंत्र

नर्मदेहर, अगदी खरे बोललास बाळा. जीएसआयमध्ये फील्ड सीझनचे पैसे वेगळे असतात म्हणून काम होते.

माहीकाठ, तुमच्या रांगेच्या मुद्द्यावर विचार करतोय. बालासिनोरजवळच्या रैयोलीची डायनोसॉरची हाडे आठवा. जीएसआयच्या लोकांनी ती १९८२ ते १९८४ मध्ये गोळा केली. 'राजासॉरस नर्मदेन्सिस' म्हणून जगापुढे आली २००३ साली. हाडे जमवणारे हात होते, पण ती दगडातून सोडवून, जुळवून, तुलना करून नाव द्यायला लागणारी तयारी, वेळ आणि तज्ज्ञ एकत्र यायला जवळपास वीस वर्षे गेली. इथे यंत्राची अडचण नव्हती. जीवाश्म साफ करणारा कारागीर आणि हाडे ओळखणारा अभ्यासक हवा होता.

सुरसागर_कट्टा

बडोद्याच्या धाग्यावर रॉबर्ट ब्रूस फूट यांचे नाव अजून कसे नाही?

फूट जीएसआयचे. मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ मध्ये त्यांना दगडी हत्यार सापडले आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. १८९१ मध्ये ते निवृत्त झाले, आणि पुढे बडोदे संस्थानाने त्यांना राज्याच्या भूशास्त्रीय पाहणीसाठी नेमले. सयाजीराव महाराजांचा काळ. फूट संस्थानभर फिरले, साबरमतीच्या खोऱ्यात त्यांना इथेही अश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि बडोदे राज्याच्या भूशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. त्याच दशकात, १८९४ साली, कमाटीबागेतले संग्रहालय उभे राहिले. देवमाशाचा सांगाडा बघायला सगळे जातात, पण तिथल्या खडक-खनिजांच्या कपाटांपुढेही दोन मिनिटे थांबा.

महाराजांनी आधी माणूस नेमला, त्याला फिरायला दिले आणि मग लिहून घेतले.

माहीकाठ

सुरसागर, माहिती आवडली. पण फूट यांना घडवायला जीएसआयमधली अनेक वर्षे खर्ची पडली होती. बडोद्याला तयार माणूस मिळाला. आज तयार माणूस कुठून आणणार? तो यंत्रावर आणि फील्डवर, दोन्हीकडे घडतो.

हातोडीसर, कारागिराचा मुद्दा मान्य. माझेही तेच म्हणणे आहे, आणि कारागीर घडायला हाताखाली काम हवे. कोयनेचे बघा. १९६७ च्या भूकंपानंतर तिथे किती अभ्यास झाले. शेवटी गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर घेतले, सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेले. त्यासाठी मंत्रालयाने कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. दिल्लीत बसून कोयनेचे काम करा असे कोणी सांगितले नाही. दगड जिथे आहे तिथे प्रयोगशाळा, हे तत्त्व सरकारने स्वतः मान्य केलेले आहे. मग माही-नर्मदेसाठी का नको?

पर्जन्यवेध

कराडचे उदाहरण चांगले आहे. भूजनंतरचे गुजरातचेही घ्या. २००१ च्या जानेवारीतला तो भूकंप झाला आणि राज्य सरकारने २००३ मध्ये गांधीनगरला भूकंपविज्ञानाची वेगळी संस्था काढली. केंद्राची वाट पाहिली नाही. राज्य सरकारकडेही जा, सगळे डोळे दिल्लीकडे लावू नका.

कणकण

मला एक मधला रस्ता दिसतो. मी रसायनशास्त्राची, आमच्याकडे असेच वाद झाले. मोजणी बाहेर, तयारी घरात. नमुना फोडणे, चाळणे, खनिजे वेगळी करणे, आम्लात धुणे, काप करणे हे सगळे विभागात आणि विद्यार्थ्याच्या हातून. शेवटचा आकडा मोजायला राष्ट्रीय सुविधेत, आणि विद्यार्थी नमुन्याबरोबर स्वतः जाणार. पार्सल पाठवायचे नाही. त्याचा प्रवास आणि तिथला मुक्काम प्रस्तावातच धरायचा. यंत्रापुढे तो बसला की माहीकाठ यांचा मुद्दाही बराचसा सुटतो.

माहीकाठ

हे चालेल. माझ्या कामासाठी लाल दिव्याची अंधारी खोली आणि जड द्रव वापरून खनिजे वेगळी करायची सोय विभागात झाली, तर अर्धे काम तिथेच होते. मग रांगेत फक्त मोजणी राहते. तरी एक साधे एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शनचे यंत्र) मागाच, टेबलावर बसणारे. चिकणमातीची खनिजे ओळखायला ते रोज लागते.

रेवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सहकाऱ्यांशी बोलले, पलीकडच्या तटाशीसुद्धा. मसुदा असा धरते आहे.

काप करण्याची कार्यशाळा: नवा कटर, घासायची चक्की, पावडरी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या दगडाचा काप करणे सक्तीचे. नमुने तयार करण्याची खोली, त्यात माहीकाठ यांची अंधारी खोली. टेबलावरचे एक्सआरडी, पाच वर्षांच्या वॉरंटीसह. फील्डसाठी वेगळे शीर्ष, आणि मुलामुलींच्या मुक्कामाचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला. बाहेरच्या सुविधांवर विद्यार्थ्याने स्वतः जाण्याचा प्रवासखर्च. विश्वामित्रीच्या कोतरांचा नकाशा हे पहिल्या दोन वर्षांचे जाहीर काम, म्हणजे दांडियाबाजार यांना कराचा हिशेब मिळेल. आयसीपी-एमएस नाही. ज्यांना ते हवे होते त्यांनी एक्सआरडीवर होकार दिला आहे.

अडकले आहे ते टेक्निशियनपाशी. योजना उपकरण देते, कायम पद देत नाही. प्रकल्पाच्या मुदतीपुरता माणूस मागता येईल, पण तीन-चार वर्षांनी तोही जाणार आणि आम्ही पुन्हा होतो तिथेच.

अलकापुरी

प्रस्तावाबरोबर संस्थेचे हमीपत्र जोडा: प्रकल्प संपल्यावर हे पद संस्था स्वतःच्या आस्थापनेत घेईल. रजिस्ट्रारची सही, जावक क्रमांकासह. असे पत्र असले की तपासणारे प्रस्ताव गांभीर्याने घेतात, आणि पुढे पद भरायची वेळ आली की तुमच्या हातात कागद असतो. पत्र आधी मागा, प्रस्ताव नंतर पूर्ण करा. एकदा पैसे आले की कोणी सही करत नाही.

हातोडी_होकायंत्र

सहमत. आणि जाहिरातीत नुसते 'विज्ञान शाखेचा पदवीधर' लिहू नका, आयटीआयची मुले बघा. फिटर-टर्नरच्या मुलाचा हात या कामाला फार लवकर बसतो.

लॅबवाले_काका

मॅडम, माणूस नेमाल तेव्हा मला कळवा. मी फतेहगंजला राहतो, येऊन शिकवीन, मानधन नको. तोवर दोन-तीन मुलांना तरी आत्तापासून बसवा. कटरचे पाते बदलायचे तर त्याचा व्यास आणि मधल्या भोकाचे माप लिहून पाठवा. जुन्या कटरचे भोक नव्या पात्याला बसत नाही, रिंग करून घ्यावी लागते. ती करून देणारा लेथवाला माझ्या ओळखीचा आहे.

रेवाकाठ

काका, उद्या सकाळी माप घेऊन व्यक्तिगत निरोपातून कळवते. चार मुलांनी आजच नावे दिलीत.